चहाच्या गाडीतून सोलापूर

आलो बाई परत. चौघेही धड, ड्रमसेट धड, माझा ऑर्गन एक पट्टी सोडून धड, आणि ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते गाणंही धड. घरात पाऊल टाकताच आईनं विचारलं, "रेकॉर्डचं काय झालं?" म्हटलं, आधी मला कढत पाण्यानं आंघोळ करू दे. आंघोळ झाली, झोप झाली, केसांतला ऊसपट्ट्याचा धुरळाही निघाला. आता सगळं नीट सांगते.

पुण्याची माणसं सोलापूरला जातात ती चादरी आणायला, नाहीतर बदली झाली म्हणून तोंड पाडून. आम्ही गेलो गाणी वाजवायला, तेही एका चहा कंपनीच्या गाडीत बसून. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. पुष्कळ केली त्यांची जाहिरात, आता फुकट कशाला करू? आपण त्याला 'अमका चहा' म्हणू.

आमच्या ग्रुपचं नाव चौघडा. माझा धाकटा भाऊ शेखर गिटार वाजवतो, गातो, आणि मुख्य म्हणजे गाणी तोच रचतो. बापू ड्रमवर असतो आणि एरवी पिंपरीच्या कारखान्यात शिफ्ट करतो. पीटर कॅम्पातला, बेस गिटार वाजवणारा, आणि आमच्यापेक्षा तिखट खाणारा. मी ऑर्गनवर. मुलींच्या शाळेत मी संगीत शिकवते, म्हणजे दिवसभर पेटीवर 'सा' धरून बसते आणि मुली दुसरंच काहीतरी धरतात. ऑर्गन आम्ही कॅम्पातल्या एका परदेशी निघालेल्या कुटुंबाकडून घेतला. त्याला आवाज चांगला आहे, पण वजन म्हणाल तर नवरदेवाच्या मामासारखं.

आम्ही मराठी गाणी वाजवतो, आमची स्वतःची, विजेच्या गिटारवर. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं आम्हाला डोक्यावर घेतात, बाकं बडवतात, वन्स मोअर देतात. पण पोरांच्या पलीकडे आम्हाला कुणी विचारत नाही. "सिनेमातली गाणी बसवा, लग्नांची कामं मिळतील," असा सल्ला देणारे मात्र गल्लोगल्ली. शेखर म्हणतो, लग्नात वाजवायला बँड आहेत की. इकडे पीटरला मुंबईच्या एका हॉटेलातून बोलावणं आलेलं, बापूची कारखान्यात रात्रपाळी सुरू होणार. यंदा एक रेकॉर्ड निघाली नाही तर चौघडा फुटणार, हे आम्ही कुणी तोंडानं बोललो नव्हतो, पण चौघांनाही पक्कं ठाऊक होतं.

अशात एका गॅदरिंगला दळवीसाहेब भेटले. अमका चहाच्या मुंबई ऑफिसातले. सफारी सूट, गोड बोलणं, आणि डोळे आमच्याकडे नाहीत, समोर बसलेल्या पोरांकडे. कार्यक्रमानंतर मला म्हणाले, "नलिनीबाई, ही पोरं आज बाकं बडवतायत. उद्या नोकरीला लागतील, परवा लग्नं करतील. मग आयुष्यभर रोज सकाळी चहा. ज्याचं नाव आत्ता यांच्या कानात बसेल, तोच चहा यांच्या घरात जाईल." मी म्हटलं, "आणि आमची गाणी?" म्हणाले, "तीच तर कानात घुसायची वाट!" माणूस वाईट नव्हता हो. स्वतः मात्र दूध पीत असे. चहानं त्यांना पित्त होतं.

ठरलं असं की रेकॉर्डचा सगळा खर्च कंपनी करणार, आणि त्या बदल्यात शेखरचं एक गाणं कायमचं घेणार. पण आधी सोलापूर जिल्ह्यात तीन ठिकाणी कार्यक्रम करायचे, लोक कसे घेतात ते दळवीसाहेब बघणार, आणि सोलापूरच्या कार्यक्रमानंतर हो की नाही सांगणार. आणि गाणं कुठलं हवं? तर नेमकं 'उजाडलं गं आई'.

हे गाणं शेखरनं आई आजारी होती तेव्हा केलं. पहिल्या कडव्यात घर आहे, आईविना. दूध उतू गेलेलं, खाट रिकामी. दुसऱ्यात पोरगा दवाखान्याच्या पायरीवर बसून पहाट व्हायची वाट बघतोय. तिसऱ्यात रिक्षा दारात थांबते. 'आधी पिशवी उतरली, मग काठी, मग तू'. एवढंच गाणं. आई पहिल्यांदा ते ऐकून म्हणाली होती, "काठी कशाला घातलीस रे त्यात?" आणि उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

दळवीसाहेबांना चाल हवी होती, पहिली दोन कडवी चालणार होती, कारण "भावना पाहिजे". तिसरं काढून तिथे घालायचं: 'उजाडलं गं आई, अमका चहा टाक!'

मी म्हटलं, "अहो, आई दवाखान्यात आहे. चहा कोण टाकणार?"

"जाहिरातीत लोक इतकं बघत नाहीत," दळवीसाहेब म्हणाले.

शेखर हो म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. पीटर आणि बापूसाठी म्हणाला हे मला कळत होतं. मलाही रेकॉर्ड हवीच होती, खोटं कशाला बोलू? रेडिओवर आपला ऑर्गन ऐकायची हौस मला आहे. पण त्या दिवसापासून शेखरचं जेवण सुटलं.

कुर्डुवाडी

गाडी म्हणजे एक प्रकरण होतं. दोन्ही बाजूंना हसणारी बाई आणि वाफाळता कप रंगवलेला, टपावर कर्णा. चालक रशीदभाई मूळचे सोलापूरचेच. पन्नाशीचे, पानाचे शौकीन, कमी बोलणारे. टेंभुर्णीहून आत वळलो तसे म्हणाले, "ताई, खिडकी लावून घ्या. आता धूळ आन् तुम्ही." तेवढंच बोलले आणि ते अगदी खरं निघालं.

कुर्डुवाडी म्हणजे रेल्वेचं गाव. सगळ्यांची घड्याळं गाडीवर लावलेली. "दोन वाजले का?" असं विचारलं तर "मद्रास गेली न्हवं आत्ता," हे उत्तर मिळतं. छोट्या लाईनची चिमुकली गाडी मोठ्या गाडीच्या शेजारी उभी असते ती बघून पीटर इतका खूश झाला की तिच्यात जाऊन बसलाच. ती कुठे जाते, कधी सुटते, काही विचारलं नाही. गार्डानं त्याला हाताला धरून उतरवला.

कार्यक्रम वर्कशॉपजवळच्या मैदानात होता. कापडी फलकावर 'चौघडा' वाचून एक आजोबा मला विचारून गेले, "सनईवाला कुटाय?" वर्कशॉपची पोरं पुढे बसली होती, मागे बायका. आणि खरं सांगते, छान ऐकत होते हो! पुण्यात पहिली पाच मिनिटं लोक आमच्या कपड्यांना नावं ठेवतात; इथे एकदम शांत. 'उजाडलं गं आई' सुरू झालं, पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. पोरगा दवाखान्याच्या पायरीवर बसलाय, पुढच्या रांगेतला एक पोरगा तोंड उघडं टाकून बघतोय. आणि शेखर गायला, 'अमका चहा टाक!'

त्याबरोबर सगळं मैदान उठलं.

आधी वाटलं, आवडलं म्हणून उठले. कसलं काय! सगळे वळले आणि गाडीच्या दिशेनं निघाले. बायका पुढे, पोरं मागे, आणि बघता बघता गाडीच्या मागच्या दारापाशी सरळ रांग. आमची गिटार वाजतेच आहे आणि आमच्याकडे ढुंकून बघायला माणूस नाही.

रशीदभाईंनी नंतर उलगडा केला. बाजाराच्या दिवशी अशा गाड्या नेहमी येतात. विडीवाले, दंतमंजनवाले, चहावाले. आधी गाणं लावतात, नाच करतात, मग मालाचं नाव घेतात. नाव घेतलं की गाणं संपलं आणि फुकट पुडी सुरू. हे आता तिकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. रांगेतल्या एका मावशीला मी म्हटलं, "मावशी, गाणं व्हायचंय अजून." तर मावशी म्हणाल्या, "आवं, नाव घ्यातलं न्हवं? मग आता पुडी द्या की! उगं किती ताटकळत ठिवताव?"

दळवीसाहेब मात्र हवेत! "पाहिलंत? नाव घेतलं आणि अख्खं मैदान उठलं! बारा वर्षांच्या नोकरीत असं बघितलं नाही मी." पुड्या संपल्या, लोक घरी गेले. बापू ड्रमची कातडी सैल करत म्हणाला, "आपण दंतमंजनवाले झालो रे." स्टेशनच्या कँटीनमध्ये गरम भजी आली, शेखरनं ती पीटरच्या ताटात सरकवली.

श्रीपूर

दुसरा मुक्काम साखर कारखान्यावर. दोन-तीन वर्षांमागच्या दुष्काळाच्या गोष्टी अजून कुणी विसरलेलं नाही, पण इथे कालव्याचं पाणी. जिकडे बघाल तिकडे ऊस. हवेत मळीचा असा वास की पहिल्या तासाला नाक धरावं आणि दुसऱ्या तासाला तो आहे हेच विसरावं. ऊसतोडणीवाल्यांच्या बैलगाड्या काट्यापाशी वजनासाठी रांगेत उभ्या असतात. रांग एवढी लांब की माणसं तिथेच चुली मांडतात, बाळांना झोळीत घालतात. पुण्यात आम्ही दुधाच्या रांगेत एकमेकांच्या अंगावर येतो; इथे रांगेतच संसार.

दळवीसाहेब सकाळीच अकलूजला दुकानदारांना भेटायला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. आम्ही कारखान्याच्या कॉलनीसमोर सामान लावलं. बापूनं ड्रमवर पहिली थाप मारली, आणि रांगेतल्या चार-पाच बैलजोड्या बुजल्या. एक गाडी रांग सोडून थेट अधिकाऱ्यांच्या बागेत. आता बघा गंमत! गाडीवाला ओरडतोय, माळी ओरडतोय, आणि बैल निवांत शेवंती खातोय. शेतकी अधिकारी धावत आले आणि हात जोडून म्हणाले, "तुम्ही गा हो, कितीही गा, पण ते ढोल नकोत." बापूला ड्रमला ढोल म्हटलेलं अजिबात चालत नाही, पण बैलाच्या शिंगांकडे बघून त्यानं मुकाट्यानं काठ्या खाली ठेवल्या.

मग आम्ही हळू वाजवलं. नुसती गिटार, पीटरचा बेस आणि माझा ऑर्गन. चुलीपाशी बसलेल्या बायका जवळ आल्या, हातात काकवी लावलेली भाकरी तशीच. शेखरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं 'उजाडलं गं आई' म्हटलं, तिन्ही कडव्यांसकट. आधी पिशवी, मग काठी, मग तू.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एका बाईनं नाकाला पदर लावला आणि शेजारणीला म्हणाली, "आणली गं बाई घरला." मग तिनं शेखरला हाताला धरून चुलीपाशी बसवलं, भाकरी आणि काकवी पुढं केली. "खा. लई वाळलायस." आणि माझा भाऊ, आठवडाभर पाण्यावर राहिलेला, भाकरी खाली पडेल म्हणून दोन्ही हातांनी धरून खायला लागला. मला रडूच फुटलं. मी ऑर्गनची पट्टी पुसायला घेतली, आणि तेव्हाच ती एक पट्टी निखळली.

रशीदभाई गाडीच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होते. सामान चढवताना मला म्हणाले, "ताई, कुर्डुवाडीला हे शेवटचं का नाही म्हटलं?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पान थुंकलं. "अच्छा गाना बिगाडरे," एवढंच बोलले आणि गाडी सुरू केली.

सोलापूर

सोलापूरला पोचलो तर गड्ड्याची जत्रा नुकतीच उलगत होती. पाळण्यांचे खांब अजून उभे, आणि रस्त्यात जिकडेतिकडे खेळण्यांच्या पिपाण्या. शहर एका भाषेवर थांबत नाही. लॉजवाला आमच्याशी मराठी, स्वयंपाक्याशी कानडी, आणि शेजारच्या चादरवाल्याशी तेलुगू बोलत होता, तेही एका दमात, हिशेब न चुकता. रशीदभाईंच्या घरी जेवायला बोलावणं होतं. त्यांच्या बायकोनं कडक भाकरी चुरून त्यावर आमटी घातली आणि शेंगाची चटणी वाढली. दह्यात कालवलेली ती चटणी खाऊन पीटर इतका वेळ गप्प बसला की तो आजारी आहे की काय असं मला वाटलं. माझ्या ताटात तिसऱ्यांदा वाढताना मी हात आडवा धरला तर त्या म्हणाल्या, "ऐसा नक्को करो बाजी, बजानेका काम, ताकद पायजे." शेखरनं इथे पुन्हा अर्धी भाकरी टाकली.

कार्यक्रम एका जुन्या नाट्यगृहात, भर दुपारी. दळवीसाहेबांना संध्याकाळची मुंबईची गाडी गाठायची होती, आणि रशीदभाईंनी सांगितलं होतं की दुपारी गर्दी उत्तम होते. माझा विश्वास बसेना. पुण्यात दुपारी दार वाजवलं तर लोक आजन्म बोलत नाहीत. पण पडदा सरकला आणि बघते तर काय, नाट्यगृह भरलेलं! पुढे कॉलेजची थोडी पोरं, आणि मागे सगळी गिरणीतली माणसं. खांद्यावर पंचा, मांडीवर जेवणाचा डबा. दळवीसाहेब माझ्या कानाशी कुजबुजले, "सहलीला आल्यासारखे डबे घेऊन आलेत!" ते पहिल्या रांगेत जाऊन बसले, तोंड लोकांकडे करून. त्यांना नेहमी लोकच बघायचे असत.

वाजवायला इतकी मजा क्वचित आली असेल. ही माणसं यंत्राच्या आवाजात दिवस काढणारी. आमचा आवाज त्यांना मोठा वाटलाच नाही. "अजून चढवा की!" असं कोणी तरी मागून ओरडलं. बापूचे डोळे चमकले. श्रीपूरच्या बैलांचं सगळं उट्टं त्यानं इथे काढलं.

मग 'उजाडलं गं आई'. पहिलं कडवं. एका माणसानं मांडीवरचा डबा बाजूला ठेवला. दुसरं कडवं. दवाखान्याची पायरी. अख्खं नाट्यगृह त्या पायरीवर येऊन बसलं. मला पुढचा शब्द ठाऊक होता. शेखरनं डोळे मिटले आणि तो गायला, 'उजाडलं गं आई, अमका चहा टाक!'

आणि बाहेर भोंगा झाला.

गिरणीचा भोंगा. दुसऱ्या पाळीचा. लांबलचक, घोगरा, माझ्या ऑर्गनच्या सुरात अगदी मिसळून गेलेला. मागच्या रांगांतली माणसं एकदम उठली, डबे उचलले, आणि दाराकडे चालायला लागली. कुणी बोललं नाही, ढकलाढकली नाही, सगळे सरळ बाहेर. आमचा बापूसुद्धा, कारखान्यातला माणूस, भोंगा ऐकून काठ्या हातात घेऊन अर्धवट उभा राहिला होता! पीटरनं त्याला शर्टाला धरून खाली बसवला.

नाट्यगृहात उरली कॉलेजची थोडी पोरं आणि दळवीसाहेब. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला दया आली.

उरलेली गाणी आम्ही कशीबशी संपवली. बाहेर पायऱ्यांवर दळवीसाहेब रुमालानं मान पुसत उभे होते. म्हणाले, "शेखर, वाईट वाटून घेऊ नका. पण मी डोळ्यांनी बघितलं. चहाचं नाव आलं आणि माणसं उठून गेली. शहरातलं गिऱ्हाईक, कमावती माणसं, नेमकी आम्हाला हवी ती! कुर्डुवाडीचं ठीक आहे, पण इथे नावच पडलं. असं गाणं मी मुंबईला नेलं तर माझी नोकरी जाईल." मग माझ्याकडे वळले. "आणि नलिनीबाई, तुम्ही शेवटी ऑर्गनमधून तो भोंग्यासारखा भयंकर आवाज का काढलात? त्यानंच लोक बिथरले."

माझा ऑर्गन! एक पट्टी निखळलेली असताना मी तो किती जपून वाजवला होता! माझं तोंड उघडलं. एक वाक्य, फक्त एक वाक्य: अहो, तो गिरणीचा भोंगा होता, ती माणसं पाळीला गेली. एवढं बोलले असते तर रेकॉर्ड आमची होती. बापूनं माझ्याकडे बघितलं. त्याला ठाऊक होतं. पीटरलाही.

रशीदभाई कर्ण्याची वायर गुंडाळत मागे उभे होते. हळूच म्हणाले, "ताई, नक्को."

मी शेखरकडे बघितलं. तो दळवीसाहेबांकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा, काय सांगू! आईला रिक्षातून उतरवताना त्याचा जो चेहरा होता, तोच. बापूनं खाली बघून मान हलवली, म्हणजे राहू दे. पीटर म्हणाला, "साहेब, ऑर्गन जुना आहे. काय करणार!"

मी तोंड मिटलं. ऑर्गनचा अपमान गिळला. आयुष्यात एवढा मोठा घास मी दुसरा गिळलेला नाही.

दळवीसाहेबांनी सगळ्यांशी हात मिळवला, मला नमस्कार केला, खरोखर हळहळले. "पोरं चांगली होती हो तुमची," म्हणाले, म्हणजे ऐकणारी पोरं. मग टांग्यात बसून स्टेशनवर गेले. टांगा वळणावर दिसेनासा झाला आणि शेखर पायरीवर बसला तो हसतच सुटला. बापू हसायला लागला, पीटर तर पोट धरून. मीही हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. सुटलो! दुसरा शब्दच नाही. रेकॉर्ड नाही, पण गाणं आमचं. रशीदभाईंच्या घरी पुन्हा जेवायला गेलो तेव्हा शेखर असा जेवला की त्यांच्या बायकोला दुसऱ्यांदा तवा टाकावा लागला.

अजून सोलापूर

गाडी कंपनीची, ती रशीदभाईंना सकाळीच डेपोत लावायची होती. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी नाट्यगृहातून सामान उचलून एका ट्रकवाल्याबरोबर पुण्याला निघणार होतो. ड्रम हातगाडीवर चढले होते, ऑर्गनला मी चादर गुंडाळत होते. तेवढ्यात दारावरचे मल्लप्पा आले. म्हातारे, धोतर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"हे कशाला बांधताय?" ते म्हणाले.

"निघालो आम्ही, अण्णा."

"निघालो कसं? माणसं येतील की आता."

"कोणती माणसं?"

मल्लप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू सूर्य कुठे उगवतो हे विचारलं होतं. "कालची. अर्धं राह्यलंय न्हवं त्यांचं."

मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या पाळीची माणसं दुपारी सिनेमाला जातात, पहिला भोंगा झाला की उठतात, कारण दुसऱ्या भोंग्याला गिरणीचं दार बंद. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी येऊन बघतात. दारावरचा माणूस चेहऱ्यानं ओळखून आत सोडतो. टॉकीजमध्ये तसं, इथेही तसंच. "तुमच्याकडं कसं करत्यात मग?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे उठून गेलेला माणूस गेलाच, हे मला त्यांना सांगवेना.

आणि खरंच, दारातून माणसं यायला लागली. खांद्यावर पंचा, हातात डबा. येऊन आपापल्या कालच्या खुर्चीत बसली. आमची तारांबळ! बापू हातगाडीवरून ड्रम उतरवतोय, पीटर वायरी शोधतोय, माझ्या चादरीची गाठ सुटत नाही. शेखर माईकपुढे जाऊन म्हणाला, "मंडळी, पहिल्यापासून सुरू करतो."

तिसऱ्या रांगेत एक टकलू, मिशाळ गृहस्थ बसले होते, कालही तिथेच होते. त्यांनी हात वर केला. "नगं, नगं. ते ऐकलंय की आमी. येळ कुटाय? काल कुटवर आलतं, तितनं फुडं म्हना."

"काल शेवटी ते चहाचं..." शेखर चाचरला.

"चहाबिहा ऱ्हाऊ द्या ओ. त्यो पोरगा दवाखान्याच्या पायरीव बसलाय. म्होरं?" शेजारच्यानं त्यांना तेलुगूत काहीतरी विचारलं, त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा आमच्याकडे बघून म्हणाले, "कालपासनं सारी पाळी जिवाला घोर हाय, मग झालं काय तिचं?"

शेखरनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी सूर दिला. निखळलेली पट्टी सोडून.

तिसरं कडवं सुरू झालं आणि बाहेर पहिला भोंगा झाला. मला वाटलं, आता उठतील. काल याच भोंग्याला सगळे उठले होते. एकही माणूस उठला नाही. मल्लप्पांनी जाऊन दोन्ही दारं सताड उघडून धरली, बाहेरचा कडक उजेड आत आला, आणि त्या उजेडात शेखर गात राहिला. दारात रिक्षा थांबली. आधी पिशवी उतरली. मग काठी.

मग तू.

शेवटचा सूर पुरता विरला, आणि मग उठले. आता चालत नाही, धावत. डबे खडखडत, पंचे सावरत, सगळे दारातून बाहेर. मिशाळ गृहस्थ दारापर्यंत पोचले आणि तिथून वळून त्यांनी आम्हाला ओरडून सांगितलं, जसं काही आम्हालाच ठाऊक नव्हतं:

"आली न्हवं घरला! मग झालं तर!"

आणि ते धावत गिरणीकडे गेले.